खुर्चीला मूठ

मेस्त्री नवी खुर्ची तपासत ती तिच्यातून उठून. बसण्यात त्यांना रस नसे. टेकले न टेकले की उभे राहत, पुन्हा टेकत, पुन्हा उभे राहत, असे दहाबारा वेळा. कुवेतमधल्या हवल्लीच्या मागच्या गल्लीतल्या त्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटले, यांना मुंग्या चावताहेत. विचारले तर म्हणाले, "साहेब, बसूक कोणाकय येता. उठूक येवक होया."

ते कुडाळकडचे. महबूल्यात राहणाऱ्या आम्हा पुण्या-नाशकाच्या इंजिनीअरांकडचे देव्हारे, कपाटे, मुलांची टेबले सगळी त्यांच्या हातची. कानावर पेन्सिल, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, तोही एसी असेल तिथेच. मत विचारल्याशिवाय देत नसत, पण एकदा विचारले की ऐकवल्याशिवाय सोडत नसत. आमच्या हिने फहाहीलच्या बाजारातून एक मऊ, खोल सोफा हौसेने आणला आणि कसा आहे म्हणून त्यांना विचारले. मेस्त्रींनी त्यात हात दाबून पाहिला. "वयनी, ह्यो सोफो न्हय, बाव आसा." बाव म्हणजे विहीर. ही दोन दिवस घुश्शात होती.

या उठण्याच्या वेडाचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांचे वडील नारळावरून पडले आणि सात वर्षे आरामखुर्चीत बसून होते. "बसवलो की बसलो. उठवूक दोन माणसां लागायची. बापूस लाजायचो." एवढे सांगून त्यांनी रंधा हातात घेतला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी रिफायनरीतल्या माझ्या कुवेती साहेबाने नवे घर बांधले. हा साहेब टेक्सासला शिकून आलेला. डिग्रीबरोबर मोठ्या काठाची हॅट आणि टोकदार बूटही घेऊन आला होता, आणि गुरुवारी दुपारी ऑफिस सुटले की तो ते बूट घालूनच निघत असे. त्याला आपली दिवाणिया, म्हणजे पुरुषमंडळींची बैठकीची खोली, टेक्सासच्या गुराख्यांच्या थाटाची हवी होती. छताला घोडागाडीच्या चाकाचे झुंबर, भिंतीवर नालांच्या खुंट्या, जमिनीवर तपकिरी-पांढरे गाईचे कातडे आणि आठ भरभक्कम खुर्च्या. पण सगळे नव्या घराला शोभेल असे, गोठा वाटता कामा नये. चांगला सुतार माहीत आहे का, असे त्याने मला विचारले आणि मी मेस्त्रींना घेऊन गेलो.

मेस्त्रींना या कामाची फार गरज होती. वर्कशॉपच्या मालकाने सांगून टाकले होते की कामे कमी झाली आहेत. ही ऑर्डर पसंत पडली तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून देईन, नाही तर घरी जा. मुलगी बेळगावला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. "चेडवाचा शिक्षण पुरा होवक दोन वर्सां होयी," ते मला म्हणाले. "तेवडी मिळाली काय मी मोकळो."

साहेबाने एक जाडजूड अमेरिकन कॅटलॉग दिला होता. मेस्त्री तो घेऊन बसत आणि शंका काढत. "हे गुराखी गुरांपाठसून जातत तरी कधी? सगळे बसलेलेच दिसतत." नव्या घरी मापे घेताना ते त्या कातड्याला वळसा घालून जात. चुकून पाय लागलाच तर वाकून हात लावत आणि तो हात कपाळाला नेत. साहेबाला वाटे, माणूस कातड्याची प्रत बघतोय. तो खूश होता.

घोळ झाला तो खोगिराने. कॅटलॉगात खुर्च्यांच्या शेजारी स्टँडवर खोगिरे मांडलेली होती आणि प्रत्येक खोगिराला पुढे मुठीएवढा एक खुंटा होता. टेक्सासचा गुराखी त्याला दोर अडकवतो, हे मला फार नंतर कळले. मेस्त्रींना मात्र तो बघताक्षणी कळला, म्हणजे त्यांच्या परीने. धरून उठण्याशिवाय त्याचा आणखी काय उपयोग असणार? त्यांनी नमुन्याच्या खुर्चीला उजव्या हाताच्या टोकाशी तसाच खुंटा बसवला, वर चामडे गुंडाळले आणि मला दाखवला. मी खुशाल मान डोलावली. मला वाटले, कॅटलॉगातच असेल. मग त्या नमुन्यावरून आठही खुर्च्या तशाच झाल्या.

खुर्च्या पोचवायला गेलो त्या दुपारी वर्कशॉपचा मालकही आला होता. साहेबाने खुंट्यावर बोट ठेवून मला विचारले, हे काय आहे? मेस्त्री पुढे झाले. "साब, पकडने का, फिर उठने का," म्हणत त्यांनी उठून दाखवले. साहेब म्हणाला, "ही खुर्ची आहे, घोडा नाही. माझे टेक्सासचे मित्र पोट धरून हसतील. कापून टाका, नाही तर आठही परत न्या." मालक मेस्त्रींकडे बघत राहिला. मान मी डोलावली होती आणि परवाना त्यांचा जाणार होता. मला तोंड लपवावेसे वाटले, पण चूक माझीही आहे हे बोलायचे धैर्य झाले नाही. मेस्त्रींनी पिशवीतून करवत काढली. हळूच मला म्हणाले, "मी कापतंय. पण मगे ती खुर्ची माझी न्हय."

तेवढ्यात साहेबाचे वडील आले. दोन नोकरांनी दोन्हीकडून धरलेले. फार वेळ उभे राहवत नसल्याने ते जवळच्या खुर्चीत बसले. आता साहेबाचे वडील बसलेली खुर्ची कोण कापणार? कॉफी आली. करवत मेस्त्रींच्या हातात तशीच.

म्हाताऱ्यांना जायचे झाले तसे नोकर पुढे सरसावले. पण त्यांचा उजवा हात आधीच खुंट्यावर गेला होता. त्यांनी तो चाचपला, "शद्दाद," म्हणाले, आणि उठून उभे राहिले. नोकरांचे हात हवेतच राहिले. साहेब वडिलांकडे बघत होता. शद्दाद म्हणजे उंटाचे खोगीर, त्यालाही पुढे असाच खुंटा असतो, वडील लहानपणी उंट राखायचे, असे त्याने मला सांगितले. कापण्याचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

परत येताना गाडीत मला आनंदाने काय करू नि काय नको असे झाले होते. मेस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हाताऱ्याचो उजवो गुडघो गेलो हा. मूठ दोन बोटां खाली होयी होती."

दोन वर्षे मिळाली. मुलगी नर्स झाली आणि मेस्त्री गावी गेले. जाताना ती नमुन्याची खुर्ची माझ्या घरी आणून ठेवली. पुढे काही वर्षांनी आम्हीही नाशिकला परतलो. सामानात खुर्ची आली आणि हिच्या हट्टाने सोफाही आला. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हापासून मी त्या खुर्चीतच बसत असे.

एके दिवशी मेस्त्रींच्या मुलीचा फोन आला. बाबांना अर्धांगवायू झालाय, डावी बाजू गेली. मी भेटायला गेलो. मेस्त्री ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मुलगी आणि तिची आई दोन्हीकडून धरून त्यांना उठवत होत्या. मी त्या खुर्चीकडे बघतोय हे त्यांनी पाहिले आणि ओशाळून, अडखळत म्हणाले, "घरची खुर्ची करूची रवली." मला फार वाईट वाटले.

नाशिकला आल्या आल्या मी नमुन्याची खुर्ची ट्रान्सपोर्टने पाठवून दिली. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन. बाबांना बोलायचंय. मग एकच शब्द आला.

"उठलंय."

मी फोन ठेवला, आणि सोफ्यातून उठवायला हिला हाक मारली.