डोळे मिटणारा डबा

डबेकाका म्हणजे बाजाराचे कारकून. सव्वीस वर्षं रोज सकाळी त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून विक्रेत्यांना जागा वाटल्या. डोळे घट्ट मिटून काढायचे. त्यात अर्धा तास जायचा, भाज्या माना टाकायच्या, पण काकांना लबाड म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग त्यांच्या लेकीने, बबडीने, कॉम्प्युटरवर प्रोग्राम करून दिला. सकाळी बटण दाबलं की यादी हजर! काकांनी डबा माळ्यावर टाकला आणि सोमवारपासून ज्याला त्याला यादी दाखवत सुटले.

गुरुवारी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पहिली जागा रोज सुरीवाल्याला, शेवटची, गटाराकाठची, रोज फुलवाल्या मावशींना. चांगल्या जागावाले मिठाची गुळणी धरून बसले होते.

"गटारापाशी फुलं कोण घेणार?" मावशी म्हणाल्या. "नशीबच फुटकं माझं. शनिवारनंतर नाही यायची मी."

लेकीची चूक काढायची म्हणजे काकांच्या अगदी जिवावर आलं. शेवटी चहा पिताना त्यांनी चारही याद्या पुढे ठेवल्या.

"बबडे, तुझा कॉम्प्युटर डोळे मिटतो का गं?"

ती हसली. मग याद्या पाहून तिचा चेहरा उतरला. "बाबा, तो मनाने आकडे काढतच नाही. आपण एक आकडा द्यायचा, त्याला बी म्हणतात. त्यावरून पुढचं सगळं ठरतं. तपासताना मी 'एक' दिला होता, बदलायचा विसरलेच."

"म्हणजे पेराल तेच उगवणार!"

"घड्याळाची वेळ देता येईल. पण तुम्ही आठच्या ठोक्याला बटण दाबता. कुणी हुशार आधीच यादी काढून बसेल."

काकांनी माळ्याखाली स्टूल ओढलं.

शुक्रवारी बबडीची चूक सांगून काकांनी सगळ्यांदेखत डबा हलवला. त्यात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या. काकांनी डोळे मिटून सहा वेळा चिठ्ठी काढली, दर वेळी परत टाकली. बबडीने ते सहा आकडे कॉम्प्युटरला दिले.

सुरीवाला गेला मुतारीशेजारी. आणि मावशी? पुन्हा गटाराकाठी. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी डब्याकडे पाहिलं. "डोळे मिटले होते ना?"

"घट्ट."

"मग आज नशीब माझं. चार दिवस तुमच्या बबडीचं होतं." त्यांनी टोपली उचलली. "सोमवारी डबा विसरू नका."