वरच्या खोलीतला नाईटवाला

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. शेजारीण म्हणायची अमक्या विहिरीवर काहीतरी दिसतं, तर मी विचारायचे, "रेशनकार्डात नाव आहे का त्याचं?" तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर मला अजिबात राग नाही. मीही हसलेच असते.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. आमचे हे डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. लग्नानंतर पेणमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहून मी चार घरमालकिणी पचवल्या. एक म्हणायची खिळा ठोकू नका, दुसरी म्हणायची पाहुणे फार येतात तुमच्याकडे... शेवटी मी ह्यांच्या हात धुऊन मागे लागले. घर घ्यायचं, आणि असं घ्यायचं की खाली आपण, वर भाडेकरू. मी पाटल्या मोडल्या. स्टेशनच्या वाटेवर, शेताला लागून एक घर मिळालं – खाली दोन खोल्या, बाहेरून जिना, वर गॅलरी आणि एक मोठी खोली. घर भाडेकरूंसकट घेतलं. विकणारे नवरा-बायको रोह्याला राहायला चालले होते. काका जाताना एवढंच म्हणाले, "वर कंपनीची माणसं आहेत. त्यांचा काही त्रास नाय."

किती माणसं, ते मी विचारलंच नाही. आमच्याकडे शिफ्टवाल्यांच्या खोलीत माणसं कोणी मोजत नाही. एक जातो, एक येतो, एक झोपलेला असतो. दाराबाहेर चपला दिसल्या की आत नाईटवाला झोपलाय असं समजायचं आणि आवाज करायचा नाही.

मी दोघांना ओळखत होते. संपत फर्स्ट शिफ्टवाला, पहाटे जायचा, तीनला यायचा. बळीराम जनरलचा, आठला जायचा. दोघंही साताऱ्याकडचे, साधे. आणि तिसरा नाईटवाला. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण मी कपडे वाळत घालायला वर गेले की बाहेरची कडी काढलेली असायची, दार आतून लावलेलं आणि बाहेर जुन्या रबरी चपला. मी पाऊल न वाजवता कपडे घालायचे. भंगारवाला ओरडत आला तर त्यालासुद्धा दटावायचे, "हळू रे मेल्या, वर माणूस झोपलाय!"

एकदा दुपारी बाराच्या सुमाराला मी गॅलरीत होते, तर दाराआडून आवाज आला, "वयनी, जेवाण हाय काय गो?"

वयस्कर आवाज. बोली खाडीकडची. मला उलट बरं वाटलं, आपल्याकडचा माणूस आहे म्हणून. माझ्या घरात कोणी उपाशी राहायचं म्हणजे काय! मी भात, वालाचं बिरडं डब्यात घालून दाराशी ठेवलं. दोन वाजता डबा रिकामा, लख्ख घासलेला. त्या दिवसापासून मी रोज बाराला डबा ठेवायला लागले. बोंबील असले की जरा जास्तच वाढायचे. तीन महिने, रोज, एकटी, मी त्या दाराशी वाकत होते.

गौरीच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. मी संपत-बळीरामला खाली जेवायला बोलावलं. पानं वाढली आणि म्हटलं, "अरे, त्यांना पण उठवा. सणाला तरी खाली येऊ दे."

"कुणाला, वहिनी?" बळीराम म्हणाला.

"तुमच्या नाईटवाल्याला."

संपतने हातातला घास ताटात ठेवला. "वहिनी, आम्ही दोघंच राहतो. नाईटवाले तर आपले हे दादाच ना?"

"मी?" हे म्हणाले. "मी तर सकाळी सातलाच कामावर जातो रे."

मग संपत चाचरत बोलला. तो तीनला आला की त्याची गादी रोज गरम लागायची, उशीला खळगा पडलेला असायचा. त्याला वाटलं, नवे मालक नाईट करून दुपारी वर येऊन पडतात. मालकाला तोंडावर कसं बोलायचं? मी त्यांचा माणूस समजत होते, ते माझा नवरा समजत होते!

हे उठले. भीतीने नाही, रागाने. म्हणाले, "कोणीतरी फुकट्या घुसतोय. चला." भर दुपार, लख्ख ऊन. चौघं जिना चढलो. दोघांनी खाली येताना कडी लावली होती, ती निघालेली. दार आतून बंद. बाहेर चपला.

ह्यांनी दारावर थाप मारायला हात उचलला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"वयनी, आज उशीर गो?"

चौघांनी ऐकला. ह्यांनी खांदा मारून दार उघडलं, तर आतली कडी निखळून पडली. आत कोणी नाही. मागच्या खिडकीला गज. मी गादीवर हात ठेवला आणि ओरडलेच. तवा उतरवल्यावर ओट्याला लागते ना, तेवढी ऊब होती. बाहेर आलो तर चपलाही नव्हत्या.

दोघं पोरं संध्याकाळच्या आत सामान घेऊन गेली. मी दुसऱ्याच दिवशी रोह्याला, घर विकणाऱ्या काकूंकडे गेले. आधी त्या दारातच उभं करून बोलत होत्या. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी आत घेतलं, आणि ऐकून घेतल्यावर मलाच विचारलं, "तू दिलंस जेवाण? अगो, आम्ही सतरा वर्षं ऐकत होतो. कधी ओ दिली नाय." तो कोण, कुठला, त्यांनाही माहीत नव्हतं. त्या घरात कोणी मेलंही नव्हतं. घर त्यांनीच बांधलं होतं.

मी ठरवलं, डबा बंद. माझं घर आहे, मी घाबरून का जाऊ? पहिल्या दिवशी बाराला वरून आवाज आला. मी कानात बोटं घालून बसले. दुसऱ्या दिवशी आवाज जिन्यात होता. हे म्हणाले, रजा काढतो, तर मीच म्हटलं, नको. काय अक्कल माझी! तिसऱ्या दिवशी मी भात उतरवत होते, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारापलीकडे, हातभर अंतरावरून...

"भूक लागलीय गो, वयनी."

दम देऊन नाही. रडवेला, थकलेला आवाज. मी अनवाणी रस्त्यावर पळत आले. त्या घरात मी परत एकही रात्र काढली नाही.

आता आम्ही रोह्याला भाड्याने राहतो. पाचवी घरमालकीण. पेणचं घर अजून माझ्या नावावर आहे, कुलपात. विकलं असतं कधीच, पण गिऱ्हाईक आलं की मी सगळं सांगून टाकते. मला कोणी सांगितलं नव्हतं ना! ह्यांना ते पटत नाही. गेल्या महिन्यात एक नवीन जोडपं आलं होतं. त्यातली मुलगी गॅलरीत उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "वर भाडेकरू ठेवू, खाली आपण." ह्यांनी माझा हात दाबला, गप्प बस म्हणून. मी बोललेच. ती दोघं बाकीचं घर न बघताच निघून गेली, आणि हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तो कोण होता, मला माहीत नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगा. मला भीती वाटते, अजूनही, खोटं कशाला बोलू... पण बारा वाजता पान वाढून घेतलं की घास उचलवत नाही. बंद घरात तो जेवायला मागत असेल, आणि ओ द्यायला आता कोणीच नाही.