जोनबाईंची पाटी

पोटनिवडणुकीच्या निकालानंतरच्या सकाळी आमच्या गल्लीत एक व्हॅन आली. इंग्लंडातल्या या छोट्या गावात मी लेकीकडे राहते. खिडकीतून पाहिलं, तर जिंकलेल्या पक्षाचा माणूस घरांपुढचे प्रचाराचे फलक उपटून गाडीत रचत होता. आमच्याकडे भारतात उमेदवारांचे हसरे चेहरे वर्षभर खांबांवर लोंबतात. मला कौतुकच वाटलं.

शेजारच्या जोनबाईंच्या अंगणात त्याच पक्षाच्या फलकाजवळ त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘हॉस्पिटलातला तातडीचा विभाग बंद करू नका.’ त्यांच्या यजमानांचा जीव तिथेच वाचला होता. सगळी निवडणूक या एका वाक्यावर लढली गेली. एकूणएक उमेदवारानं त्या पाटीला हात लावून फोटो काढून घेतला, वर जोनबाईंचा चहाही प्यायला. निकाल इतका अटीतटीचा, की मतं पुन्हा मोजावी लागली.

त्या माणसानं आपला फलक उपसला. धक्क्यानं जोनबाईंची पाटी चिखलात आडवी झाली.

मी खिडकीतून ओरडले, “अहो, ती पाटी पडली!”

“ती आमची नाही,” तो हसून म्हणाला आणि गेला.

परवापर्यंत तर सगळ्यांचीच होती! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मत मागताना ही माणसं आपलं दुखणं स्वतःचं म्हणून मिरवतात आणि मत पडलं की ते आपल्याच दारात टाकून जातात. इथेही तेच!

मी चपला सरकवून बाहेर गेले. पक्षाच्या फलकाचा खड्डा अजून उघडाच होता. जोनबाईंची पाटी पदरानं पुसली आणि त्याच खड्ड्यात दगडानं ठोकून बसवली.