बावखलावरची हिरवळ

जयवंतीकाकूंना बसून बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. आमची इमारत होळी गावातल्या त्यांच्या वाडीला लागूनच आहे. काही विचारायला गेलं की त्या पुढे चालत बोलणार, आपण मागून ऐकत जायचं. मध्येच केळीचं वाळकं पान ओढणार, मोगऱ्याकडे पाणी वळवणार, शेजारच्या कोंबडीला हाकलणार. "बसा ना जरा," म्हटलं तर, "बसते गो, तेवढं अळू काढून घेते." ते अळू आजवर काढून झालेलं नाही.

त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या हेमालीने आनंदाची बातमी दिली तीसुद्धा त्यांच्या मागे धावतच. हेमाली मुंबईला नोकरीला जाते. तिच्या लहानग्या अनुजला खेळायला पार्किंगशिवाय जागा नाही, आणि तिथे वॉचमन ओरडतो. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लागला होता, त्यात आमच्या जवळच एक उद्यान दाखवलं होतं आणि हरकती-सूचना मागवल्या होत्या. ते उद्यान हवंच, अशी सूचना हेमालीने इमारतीच्या सह्या घेऊन दिली होती. त्यात माझीही सही होती.

"काकू, तुमच्या वाडीमागे गार्डन येतंय! तो हिरवळीचा प्लॉट रिकामाच आहे ना, तिथे."

काकू थबकल्या. मोबाइलवरचा नकाशा त्यांनी दोनदा पुढे-मागे केला.

"अगो, हे आमचं बावखल!"

"म्हणजे?"

"तळं गो, गोड्या पाण्याचं. पुरुषभर खोल आहे. सगळी वाडी त्याच्यावर जगते."

हेमालीने वळून त्या हिरवळीकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती इतकी वर्षं ज्याला लॉन समजत होती, ती नुसती जलपर्णी होती. सुट्टी लागली की अनुजला तिथे खेळायला सोडायचा तिचा विचार होता.

दोष कोणाचा म्हणाल तर घरचाच. दिवाळी झाली की जलपर्णी उपसायची, एका वर्षी काकूंनी, एका वर्षी त्यांचे धाकटे दीर दिवाकर यांनी, अशी पाळी ठरलेली. एका वर्षी दिवाकरकाका आजारी पडले आणि पाळी चुकली. पुढच्या दिवाळीला काकू म्हणाल्या, तुमची राहिलेली आधी करा. ते म्हणाले, गेली ती गेली, आता तुमची. पंपाला काय, तो जलपर्णीखालूनही पाणी ओढतो. दोघांचा हट्ट टिकला आणि पाणी झाकलं गेलं. नकाशावाल्यांच्या वरून काढलेल्या फोटोत दिसलं ते मोकळं हिरवं.

काकूंनी उद्यानाच्या जागेवर हरकत घेतली. सुनावणीचे अधिकारी तसे शांत होते. "आजी, सातबाऱ्यावर बागायत आहे. तळं कुठे लिहिलंय?"

"वाडी शिंपायची सोडून लिहीत बसायचं होतं का आम्ही?"

हॉलमध्ये हशा पिकला. अधिकारीही हसले, पण म्हणाले, "सोमवारी सकाळी जागेवर येतो. पाणी दिसलं तर तशी नोंद करतो. दिसलं पाहिजे मात्र."

उद्यानाचं आरक्षण कायम झालं तर भराव येणार, आणि भरावाबरोबर वाडी जाणार. घरी येऊन त्यांनी साडीसुद्धा बदलली नाही. बांबूला आकडा बांधला आणि एकट्याच जलपर्णी ओढायला लागल्या. ढिगारा वाढेना, हात थांबेनात. दिवाकरकाका काठावर येऊन उभे राहिले.

"म्हणजे पाळी तुमची होती, हे पटलं म्हणायचं, वहिनी?"

"आधी उतरा, भावजी. मग भांडू."

ते उतरले. रविवारी हेमाली नवऱ्याला घेऊन आली. जुने कपडे, ऑफिसचे बूट. काकू ओरडल्या, "अगो, बूट काढ, नाहीतर तुलाच उपसावं लागेल!" संध्याकाळपर्यंत निम्मं पाणी मोकळं झालं. त्यात आमच्या इमारतीचं प्रतिबिंब दिसलं, तेव्हा हेमाली बराच वेळ बघत राहिली.

रात्री वारा सुटला. काठाला लागून राहिलेली जलपर्णी सरकत सरकत पुन्हा सगळीकडे पसरली. सोमवारी अधिकारी आले तेव्हा समोर जवळजवळ पहिल्यासारखंच हिरवं होतं.

"कुठेय पाणी?" त्यांनी विचारलं.

काकू काठावरून इकडून तिकडे जात होत्या. दिवाकरकाका बांबू घेऊन धावले, पण एक ओढली की दुसरी तिच्या जागी येत होती. हेमालीनेच धीर केला. "साहेब, उद्यानाची आमची सूचना राहू द्या. जागा तेवढी दुसरी बघा. हे तळंच आहे, मी हात घातलाय."

"तुमच्या शब्दावर कसं लिहू? फोटो लागतो."

बुडालेल्या पायऱ्या कुठे आहेत ते काकूंना डोळे मिटून ठाऊक. त्यांनी पदर खोचला आणि त्या आत उतरल्या. गुडघे, कंबर, छाती. त्यांच्याभोवती जलपर्णी दुभंगली आणि काळंभोर पाणी उघडं पडलं.

"वहिनी, वेड लागलं का!" दिवाकरकाका किंचाळले.

"हलू नका, आजी," अधिकारी म्हणाले आणि मोबाइल उचलला.

काकू हलल्या नाहीत. हनुवटीखाली पाणी होतं, केसात एक जांभळं फूल अडकलं होतं. फोटो झाला, जलस्रोत असल्याचा शेरा लिहून झाला, तरी त्या तिथेच.

"झालं ना आता, या वर," दिवाकरकाकांनी हात पुढे केला.

"आधी सांगा, यंदा पाळी कोणाची?"