ऐंशीवर बसलेला काटा

मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात दोन गोष्टी आपोआप साचतात, तेलकट चिंध्या आणि किस्से. चिंध्या आम्ही दिवाळीच्या साफसफाईत जाळायचो, किस्से मात्र उरले. त्यात एकट्या बापूसाहेबांचे इतके, की सांगायला बसलो तर चहा दोनदा गरम करावा लागतो.

कारखाना अमरावतीला, राजापेठेत. इस्माईलभाई मिस्त्री आणि मालक, हाताखाली मी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार तेल्हाऱ्याच्या बापूसाहेबांनी घेतली होती. घरची काळी जमीन, कापसातली सरकी काढायचं स्वतःचं जिन आणि लग्नाची एकुलती एक मुलगी. मोटार चालवायला माणूस ठेवला तोही जिनातला फिटर, महादू.

*

एका सकाळी मोटार दारात आली ती बापूसाहेबांचं पांढरं धोतर काळं करूनच. ऑइल प्रेशरचा काटा चाळिसाच्या आसपास पाहिजे, तो ऐंशीवर. त्या जोरानं काट्याकडे जाणारी तांब्याची नळी सुटली आणि तेलाची पिचकारी थेट मांडीवर!

"धोतराचं जाऊ द्या," बापूसाहेब म्हणाले. "रविवारी अकोल्याचे सोयरे पोरगी पाहाले येऊन राहिले. त्यायले मोटारीत फिरवा लागते. तीन ठिकाणी फिसकटलं इस्माईलभाई, हे चौथं आहे."

एवढा रुबाबदार माणूस, पण आवाज पार बसला होता. आम्हालाही वाईट वाटलं.

*

इंजिन थंड असलं की तेल घट्ट असतं आणि काटा चढतो, म्हणून नळी जोडून आधी इंजिन तापवलं. काटा हलेना. मग तेल बघितलं, तर बोटाला काकवीसारखं चिकटलं.

"हे कोणतं तेल घातलं?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"जिनातलं," बापूसाहेब म्हणाले. "साहेबाचं तेल लय पातळ होतं. आपल्या घरी वरण बी इतकं पातळ नसते."

तेल बदललं. काटा पंच्याहत्तरवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

*

मग संशय काट्यावर. इस्माईलभाईंनी प्रेशर दाखवणारं ते काट्याचं घड्याळ काढून दुरुस्तीला आलेल्या डॉक्टरांच्या मोटारीला लावलं. तिथे बरोबर चाळीस. म्हणजे घड्याळ खरं बोलत होतं, खोट इंजिनात होती. आम्ही कपाळाला हात लावला, पण बापूसाहेब खूश.

"डॉक्टरची गाडी अशक्त आहे," ते म्हणाले. "सोता डॉक्टर, अन् गाडीले टॉनिक नाही."

*

तेलाचा जोर वाढला की एक छोटी झडप उघडते आणि जास्तीचं तेल खाली परत जातं. तिच्यामागे स्प्रिंग असते. ती काढली तर भलतीच जाड. इस्माईलभाईंनी बोटांनी दाबून पाहिली, मी पाहिली. दबेचना. महादू भिंतीकडे बघत उभा.

"महादू, हे कुठली?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"जिनातली," महादू म्हणाला. "जुनी लय नरम झाली होती. हे बारा वर्सं जिनात होती, एक डाव बी तक्रार नाही."

*

मापाची स्प्रिंग बसवली आणि काटा चाळिसावर आला. आम्हाला वाटलं, आता शाबासकी. बापूसाहेबांचं तोंड एवढंसं झालं.

"मायी गाडी अर्धी करून ठेवली तुमी! सोयऱ्याची गाडी पन्नास दाखवते. म्या त्यायले ऐंशी सांगतलं. आता चाळीस दिसले तर ते म्हणतीन, गाडीचं खोटं सांगतलं, पोरीचं बी खोटंच असन."

इस्माईलभाईंनी चिंधीला हात पुसले.

"ते स्प्रिंग मी बसवनार नाही," ते म्हणाले. "पुन्हा नळी सुटली तर पिचकारी सोयऱ्यावर उडन."

मग त्यांनी घड्याळाची काच काढली, काटा उपसला आणि चाळीस घरं पुढे बसवला.

"इंजिन चाळिसावर चालन, काटा ऐंशी दाखवन. चालता चालता ऐंशीच्या लय खाली आला, तर गाडी तिथंच थांबवजा."

*

रविवारचं महादूनं सांगितलं. सोयरे ऐटीत पुढच्या सीटवर बसले, घड्याळाकडे वाकले आणि वाकलेलेच राहिले. मोटार अजून सुरूच केली नव्हती.

"बापूसाहेब, गाडी बंद आहे न? मंग हे चाळीस कशाचे?"

हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बापूसाहेबांनी मात्र पापणीही हलवली नाही.

"जातिवंत गाडी आहे," ते म्हणाले. "बसल्या जागी चाळीस राहतेतच."

संध्याकाळी सुपारी फुटली.

*

चार दिवसांनी धुळीनं भरलेली एक मोटार अकोल्याहून आमच्या दारात थांबली. उतरले ते हेच सोयरे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून इस्माईलभाईंच्या जवळ सरकले.

"बापूसाहेबाची गाडी तुमीच केली न? बंद असली तरी चाळीस दाखवते ते?"

"हो, मीच केली."

"मंग मायी पंचेचाळीसवर ठेवा. आमी पोराकडचे."