विचारून घेतलेलं घर

जुळे सोलापुरातला हा फ्लॅट घेताना पाण्याचं, पार्किंगचं सगळं नवऱ्यानं विचारलं. मी एकच विचारलं, "कुत्रं चालेल का?"

तिथं आधीच राहायला आलेले एक प्राध्यापक आम्हाला गच्ची दाखवत होते. ते हसले. "अहो वहिनी, बिनधास्त आणा की. राखणीला बरंच झालं."

"गावठी आहे. अंगानं मोठी आहे," मी पुन्हा म्हणाले, कारण आमचं सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं.

"असू दे की!"

सासरे, म्हणजे अप्पा, मैंदर्गीचे. जन्म शेतात गेलेला, घरात कानडी आणि बाजारात मराठी. सासूबाई गेल्यावर त्यांना गावी एकटं ठेवायला आमचं मन होईना आणि ते शहरात यायला तयार होईनात. शेवटी म्हणाले, "ही येत असंल तर येतो. न्हायतर मी हितंच बरा हाय." ही म्हणजे त्यांची कुत्री. मातकट रंगाची, एक कान कायम पडलेला. सासूबाईंच्या मागं मागं शेतात जायची. त्या गेल्यावर बांधावर जाऊन बसायची, भाकरी टाकली तरी उठायची नाही. अप्पा जाऊन म्हणायचे, "बा मगळ." म्हणजे, ये गं लेकी. एवढं म्हटलं की मगच घरी यायची.

या दोघांसाठी आम्ही शहरातलं दोन खोल्यांचं घर विकलं आणि इथं चौथ्या मजल्यावर आलो. म्हणजे परत फिरायला जागाच ठेवली नाही.

सुरुवातीला ती लिफ्टला घाबरायची. मग कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायला शिकली. कुणी आत आलं तरी वळून बघायची नाही. अप्पा खाली जाताना हातात जुना पेपर आणि पिशवी घ्यायचे. शेतात उभं आयुष्य काढलेला माणूस, पण तिची घाण त्यांनी कंपाऊंडात एकदाही राहू दिली नाही. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी शाळेतून आली की आमच्या उंबऱ्यावर बसून तिच्या त्या पडलेल्या कानाशी खेळायची. तिची आई हाका मारून दमायची.

मग कॉलनीच्या रस्त्यावर एक मोकाट कुत्रं आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला चावलं. पायाला चांगलीच जखम झाली होती. मी बघायला गेले तर त्याची आई रडत होती. तिची भीती मला कळत होती, आजही कळते. पण त्या भीतीचं पुढं जे केलं गेलं, ते मला कळत नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. प्राध्यापक तोवर सेक्रेटरी झाले होते. त्यांनी नवा नियम वाचून दाखवला: सोसायटीतील कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास मनाई. कुत्र्यांना! बिल्डिंगमध्ये कुत्रं होतं एकच.

मी उभी राहिले. "घर घेताना मी तुम्हाला विचारलं होतं की नाही?"

"विचारलं असेल. पण तेव्हा आपली कमिटी कुठं होती?"

"म्हणजे तुमच्या शब्दाला काही किंमत नाही?"

"वैयक्तिक घेऊ नका, वहिनी. कुत्रं ठेवू नका असं कुणी म्हणतंय का? घरात ठेवा, लाड करा. फक्त जिन्यानं न्या."

"तिचे मागचे पाय धरलेत. आणि तिला नेणारा माणूस पंचाहत्तरीच्या पुढचा आहे."

"मग तुम्ही न्या की," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

हात वर झाले. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनीही केला, मोबाइलमध्ये बघत बघत. आणि माझा नवरा, ज्याच्या वडिलांबद्दल हे सगळं चाललं होतं, खुर्चीची कड धरून गप्प बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, "रोज ह्याच लोकांत राहायचंय आपल्याला." त्या दिवशी मला सेक्रेटरीपेक्षा त्याचाच जास्त राग आला. दुपारी मी त्याला जेवायला वाढलं नाही. त्यानं आपलं आपण घेतलं.

अप्पा मात्र एका शब्दानंही तक्रार करीनात. दुसऱ्या दिवसापासून ते तिला कोकरासारखं खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागले. सकाळी मी किंवा नवरा नेतो म्हटलं तरी आमच्याबरोबर ती हलायची नाही. "माझं मी बघतो," अप्पा म्हणायचे. सेक्रेटरी लिफ्टमधून उतरताना त्यांना बघायचे आणि हात जोडायचे. त्या जोडलेल्या हातांची मला चीड यायची.

एके सकाळी मी भाकरी थापत होते आणि जिन्यातून तिचं भुंकणं ऐकू आलं. ती कधीच भुंकत नसे. मी पिठाच्या हातानं धावले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अप्पा पडले होते, गुडघा वाकडा झालेला, आणि ती त्यांच्यावर उभी राहून वरच्या दिशेनं जीव तोडून भुंकत होती. दोन्ही बाजूंची दारं बंद. आत टीव्ही चालू होता. मी दार बडवल्यावर एक जण बाहेर आला, तोही आधी म्हणाला, "ते कुत्रं बाजूला घ्या."

दवाखान्यात अप्पांचा पाय प्लॅस्टरमध्ये घालत होते, तेव्हा माझा मोबाइल वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, आज सकाळी जिन्यात कुत्र्याच्या भुंकण्याचा सर्वांना त्रास झाला, संबंधितांनी दखल घ्यावी.

नवऱ्याला अप्पांजवळ ठेवून मी तशीच रिक्षा करून परत आले आणि त्यांच्या दाराची बेल दाबून धरली. त्यांनी दार उघडलं.

"माणूस पडला होता तिथं," मी म्हणाले. "तुम्हाला बोलवायला ती भुंकत होती. तुम्ही आत बसून मेसेज लिहीत होतात!"

"वहिनी, मला माहीतच नव्हतं..."

"दार उघडलं असतं तर कळलं असतं."

त्यांची बायको मागं येऊन उभी राहिली. "चहा घेता का?" तिनं विचारलं. अजूनही तो प्रश्न आठवला की माझं डोकं फिरतं.

माझ्या ऑफिसातल्या एकीचा भाऊ वकील. त्यानं सांगितलं की अशी मनाई सोसायटीला करताच येत नाही, कोर्टात एक दिवस टिकणार नाही. या वेळी नवरा स्वतः गेला कमिटीकडं. काय बोलला ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, पण परत आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. दोन दिवसांत लिफ्टमध्ये लावलेली मनाईची पाटी निघाली. कुणी चूक झाली म्हणालं नाही. मीटिंग नाही, हात वर नाहीत. नियम जसा काही कधी नव्हताच.

पण अप्पांनी प्लॅस्टर निघाल्याबरोबर पिशवी भरली. मी सांगितलं, "आता लिफ्टनं जाता येतं, अप्पा."

"व्हय, कळलं मला."

"मग?"

"पोरी, त्येंनी नको म्हटलं तवा मी जिना उतरलो. आता चालतंय म्हटल्यावर लिफ्टात चढू व्हय? मी काय त्येंचा गडी हाय?"

आता ते मैंदर्गीला पुतण्याकडं असतात. आम्ही रविवारी जातो. ती ओट्यावर ऊन खात पडलेली असते. अप्पा काठी टेकत बाजारात जातात, पूर्वीपेक्षा हळू. गुडघा पूर्ण वाकत नाही.

नवरा मध्येच म्हणतो, "विकून टाकू का हा फ्लॅट?" मी नाही म्हणते. का जायचं मी? मी विचारून आले होते. पुढच्या निवडणुकीत कमिटीसाठी मी उभी राहणार आहे, आणि मत मागायला पहिल्यांदा सेक्रेटरींच्याच दारात जाणार आहे.