असुंताबाईंची शेवंती

असुंताबाई गेल्या. चौऱ्याण्णव वर्षं आणि चार महिने. चर्चच्या पत्रिकेत 'शांत, मृदू स्वभावाच्या' असं छापलं होतं. दुसऱ्याच कुणाची पत्रिका हातात आली की काय, म्हणून मी नाव पुन्हा वाचलं.

सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी त्या. आमचं सामान उतरेपर्यंत त्यांनी कुंपणावरून चौकशी उरकली: नवरा काय करतो, एकच मुलगी का, आणि एवढं गवत कशाला ठेवलंय, गाय आणणार आहात का? त्यांच्याकडे पुढे काँक्रीट आणि मागे टोमॅटो होते.

त्यांचं लग्न इटलीतल्या खेड्यात लागलं तेव्हा नवरदेव सिडनीत होते. चर्चमध्ये त्यांच्या जागी दीर उभा राहिला. आपल्याकडे निदान कांदेपोहे तरी होतात. इथे फक्त एक फोटो, तोही बसलेला. महिनाभर बोटीत काढून असुंताबाई धक्क्यावर उतरल्या, तर नवरेबुवा त्यांच्या खांद्याला लागत होते. "परतीची बोट कुठे होती?" त्या सांगायच्या. "म्हणून एक्कावन्न वर्षं संसार केला."

सत्तावीस वर्षं त्यांनी कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवल्या, तीन मुलं वाढवली आणि हौसेने संगमरवरी ओट्याचं स्वयंपाकघर बांधलं. त्यात कधी साधं अंडंही उकडलं नाही. ते खराब होऊ नये म्हणून बाई चाळीस वर्षं गॅरेजमध्ये रांधत होत्या. गाडी बाहेर उन्हात असायची.

इथे मे महिन्यात, मदर्स डेला, दुकानं शेवंतीने भरून जातात. नाशिकला माझी आई शेवंतीशिवाय देवाला हार करत नसे. त्यामुळे पहिल्याच वर्षी मी मोठ्या प्रेमाने पिवळ्या शेवंतीची कुंडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांची मुलगी लोरेदाना हसून हसून खाली बसली. त्यांच्या गावात शेवंती फक्त थडग्यावर वाहतात.

"मी मेले का?" असुंताबाई कडाडल्या. "मेल्यावर आण! तूच आण. विसरू नकोस!"

त्यानंतर नऊ वर्षं, दर मे महिन्यात कुंपणावरून आकाशवाणी व्हायची: "अजून जिवंत आहे गं! फुलं नकोत!" शेजारधर्म म्हणतात तो हाच.

मधे कोविडमध्ये सीमा बंद असताना माझी आई गेली. तिचे अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले, नेट दोनदा गेलं. असुंताबाईंनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. कुंपणावरून पास्त्याचं ताट दिलं, "खा" म्हणाल्या आणि ताट रिकामं होईपर्यंत पलीकडे उभ्या राहिल्या. मीठ जास्त होतं. मी सगळं खाल्लं.

आता त्या गेल्या, त्याही नेमक्या मदर्स डेच्या आठवड्यात. दुकानांत जिकडेतिकडे शेवंती, आणि मला एकही कुंडी उचलवेना.

"रोझेस घे ना, सेफ आहे," नवरा, शिरीष, म्हणाला. "फॅमिलीत कुणाला उगाच वाईट वाटायला नको."

"त्यांनी मला सांगितलं होतं."

"अगं, जोक होता तो!"

असेलही. पण आईला मला एक फूल वाहता आलं नव्हतं, आणि इथे चुकीचं फूल न्यायचं नव्हतं. म्हणून फ्युनरलच्या सकाळपर्यंत मी काहीच आणलं नाही. माझा निर्धार हा असा असतो.

तेवढ्यात कुंपणावरून लोरेदानाची हाक आली. "विनीता, एक मिनिट ये." ती मला गॅरेजच्या मागे घेऊन गेली. आमच्या बाजूने तिथलं काही दिसायचं नाही. भिंतीलगत पिवळ्या शेवंतीची अख्खी रांग फुललेली होती.

"तुझीच कुंडी," ती म्हणाली. "दर वर्षी आई फांद्या खोचून वाढवायची. कुणालाही हात लावू द्यायची नाही. म्हणायची, 'ती माझी आहेत, विनीता कापेल.'" आणि तिने माझ्या हातात कात्री दिली, कॉलरी कापायची, जुनी, जड.

म्हणजे नऊ वर्षं पुढून मला टोमणे आणि मागून शेवंतीला पाणी! मला भयंकर राग आला. पहिली फांदी कापली आणि मी मोठ्याने विचारलं, "आता चालतील ना, असुंताबाई?"

कुंपणापलीकडे ऐकू जाईल असं उत्तर यायला हवं होतं. ते आलं नाही, तेव्हा मला रडू फुटलं.